लाभार्थी क्रमांक सदतीस

"हात जोडा ताई. फोटो निघतोय. हात जोडा."

माईकवरचा माणूस म्हणत होता. नाट्यगृह भरलेलं. पुढच्या सोफ्यांवर साहेब लोक, मागं खुर्च्यांवर गर्दी. फोटोवाला गुडघा टेकवून बसलेला. माझ्या एका बाजूला प्रमुख पाहुणे. दुसऱ्या बाजूला नवीकोरी तीनचाकी सायकल. हातानं पायडल फिरवायची. ज्यांचे पाय चालत नाहीत त्यांच्यासाठी असते ती.

माझे पाय चालतात. नुसते चालत नाहीत, पळतात. मला नाही तो डावा हात. कोपराच्या खाली काहीच नाही.

अंगात देशाच्या संघाचा ट्रॅकसूट होता. पाठीवर देशाचं नाव. गळ्यात रुप्याचं पदक. पंधरा दिवसांपूर्वी परदेशात भालाफेकीत मिळवलेलं. पाहुण्यांनी ते दोन बोटांनी उचललं, उलटं करून बघितलं.

"अरे वा. शाळेत मिळालं का?"

मी चोवीस वर्षांची होते.

"लाभार्थी क्रमांक सदतीस," माईकवरचा माणूस परत बोलला. "ताई, हात जोडा ना. मागं लाईन थांबलीय."

मी उजवा हात छातीपाशी नेला. तो तिथं एकटाच थांबला. समोर कुणीतरी हसलं. कदाचित दुसऱ्याच गोष्टीला हसलं असंल. पण मला ते अंगावर आल्यासारखं झालं.

तेवढ्यात मागच्या खुर्च्यांतून अण्णा उठले. माझे वडील. पांढरा सदरा, टोपी, खांद्यावर नवं उपरणं. पायऱ्या चढून स्टेजवर आले. कुणी बोलावलं नव्हतं. माझ्या शेजारी उभे राहिले आणि त्यांनी आपले दोन्ही हात जोडले. माझ्या वाटचे.

फ्लॅश पडला.

दुसऱ्या दिवशी पेपरात तोच फोटो. सायकल, मी, अण्णांचे जोडलेले हात. खाली ओळ होती, सायकल मिळाल्यानं भारावलेली दिव्यांग युवती आणि तिचे वडील. पदक फोटोत होतं. ओळीत नव्हतं.

हे झालं त्याला आता तीन वर्षं होत आलीत. मी कुणाला सांगितलं नव्हतं. आज सांगते.

आमचं गाव फुलंब्रीच्या पुढं. हात गेला तेव्हा मी सात वर्षांची होते. गोठ्यात कडबाकुट्टीचं मशीन होतं. अण्णा कडबा घालत होते, मी पेंढ्या ओढून देत होते. मधीच लाईट गेली. अण्णा बैलाला पाणी दाखवायला गेले. मशीनच्या तोंडात कडब्याचा एक धांडा अडकला होता. मी तो काढायला हात घातला. बटन चालूच राहिलं होतं. लाईट आली.

पुढचं मला आठवत नाही. घाटी दवाखान्यात डोळे उघडले तेव्हा माय रडत होती आणि अण्णा भिंतीकडं तोंड करून उभे होते.

त्या दिवसापासून अण्णांनी ते मशीन लावलं नाही. विकलंही नाही. आजही जनावरांचा चारा विळ्यानं तोडतात. सगळा गाव मशीनवर कुट्टी करतो, आमच्या दारात विळा चालतो. ते एकदाच बोलले होते. मी दहावी पास झाले तेव्हा. "बटन माझ्या हातून राह्यलं," एवढंच. मी म्हणलं, "जाऊ द्या ना अण्णा." ते उठून शेतात गेले.

मायनं माझ्या सगळ्या झंपरांची डावी बाही लांब शिवली. बाही दुमडून कमरेला खोचायची, म्हणजे लांबून कळत नाही. शाळेत सव्वीस जानेवारीच्या कवायतीला मला कधी घेतलं नाही. गुरुजी म्हणायचे, "रांग वाकडी दिसती गं. तू पाणी वाटायला ऱ्हा." मी पाणी वाटायचे. एका हातात तांब्या. ग्लास पोरींनी आपापला धरायचा.

पण माझा उजवा हात चांगला होता. ज्वारी राखायला माचावर बसायचे तेव्हा पाखरांना दगड हाणायचे. गोफणीत दगड भरायला दुसरा हात लागतो, म्हणून नुसत्या हातानं. चुलतभावांची गोफण जाईल तिथवर माझा दगड जायचा. त्याला खेळ म्हणतात हे माहीत नव्हतं.

कॉलेजला शहरात आले. रोज एसटीनं जाऊन येऊन. तिथं ग्राउंडवर सर भेटले. शाळेतून निवृत्त झालेले क्रीडाशिक्षक. पुंडलिकनगरला राहायचे, सकाळी सायकलवर यायचे. दगड फेकताना त्यांनी मला बघितलं. आंब्याला मारत होते मी. जवळ आले, हातात भाला दिला.

मी म्हणलं, "सर, मला एकच हात आहे."

ते म्हणाले, "भाला फेकायला किती लागतात?"

मला कुणी असं कधी बोललंच नव्हतं.

पण ते पूर्ण खरं नव्हतं, हे सहा महिन्यांनी कळलं. भाला एका हातानं सुटतो. पण दुसरा हात अंगाला थोपवतो. पळत येऊन डावा हात पुढं काढायचा, मग आत ओढायचा, तेव्हा उजव्यात जोर येतो. तो नसला की अंग आधीच फिरतं आणि भाला डावीकडं पडतो. मी खांद्यानं ते शिकले. उरलेला कोपर छातीत मारायचा, असा की बरगडी दुखावी. फेकल्यावर तोल गेला की माणूस हातावर पडतो. मी कोपराच्या टोकावर पडायचे. दोन वर्षं तिथलं कातडं भरलं नाही. माय हळद लावायची आणि म्हणायची, "पुरं झालं की आता." अण्णा काही म्हणायचे नाहीत. मला एसटीवर सोडायला यायचे.

आणि ग्राउंडवर नसरीन होती.

नसरीन शहरातल्या छावणी भागातली. तिच्या अब्बाचं तिथं शिलाईचं दुकान. ती अडथळ्यांची शर्यत पळायची. सरांची सगळ्यात चांगली धावपटू. एका हातानं मला वेणी घालता येत नाही, म्हणून रोज सकाळी पायऱ्यांवर बसून ती माझी वेणी घालायची. घट्ट. "हिल मत," म्हणायची. तिच्या अम्मीनं माझ्या ट्रॅकसूटची डावी बाही कोपरापाशी कापून नीट शिवून दिली होती. माझ्या मायनं लांब केलेली बाही तिच्या अम्मीनं आखूड केली. तेव्हापासून मी हात लपवायचं सोडलं.

पाच वर्षं आम्ही एकत्र घाम गाळला. आणि एकाच वर्षी दोघींची देशाच्या संघात निवड झाली. ती धडधाकटांच्या स्पर्धेला, मी दिव्यांगांच्या. तिची स्पर्धा आधी, माझी महिन्यानंतर. दोन्हीकडं आशिया खंडातले देश.

ती फायनलला गेली. सातवी आली. तिच्या आयुष्यातली सगळ्यात चांगली वेळ तिनं दिली. मी इथं सरांच्या मोबाईलवर बघत होते आणि ओरडत होते.

मी दुसरी आले.

तिथं आमच्या पथकाला रोज पदकं मिळत होती. कुणाला पाय नाही, कुणाला दिसत नाही, कुणी बुटका. जेवणाच्या हॉलमध्ये येताना गळ्यात काही ना काही लटकलेलं. आमच्या एवढी पदकं आपल्या धडधाकट पथकाला मिळाली नव्हती. आम्ही हसायचो, म्हणायचो, आता परत गेल्यावर बघा. माझं पदक घ्यायला उभी राहिले तेव्हा झेंडा वर गेला आणि मला गोठा दिसला. का ते माहीत नाही. मी लई रडले.

परत आले तर शहरात चौकात मोठा फलक लागला होता. देशाची ऐतिहासिक कामगिरी, असं लिहिलेलं. पदकांचा आकडा. त्या आकड्यात दोन्ही पथकांची पदकं धरलेली होती. फोटो सगळे धडधाकट खेळाडूंचे. खाली कोपऱ्यात आमच्या जिल्ह्याची शान म्हणून नसरीन, हात हलवणारी.

म्हणजे आकड्यात मी होते. फोटोत नव्हते.

नसरीन आली तेव्हा स्टेशनवर हलगी होती. उघड्या जीपमधून छावणीपर्यंत मिरवणूक. मी स्वतः पुढं नाचले होते. मी आले तेव्हा स्टेशनवर अण्णा होते, सर होते, आणि झेंडूचा एक हार. नसरीनला बरं नव्हतं, असं ती फोनवर म्हणाली.

मला वाईट वाटलं नाही. खरंच. मी म्हणलं, होईल.

मग आठ दिवसांनी फोन आला. एका सरकारी खात्यातून.

"नसरीन मॅडमचा सत्कार आहे रविवारी. तुमचाही त्याच कार्यक्रमात आहे. दिव्यांग ना तुम्ही? दाखल्याची झेरॉक्स घेऊन या."

मी अण्णांना सांगितलं, सत्कार आहे. अण्णांनी सगळ्या गावाला सांगितलं. जीप ठरवली. चुलता, चुलती, मावशी, सरपंच, सगळे निघाले. उपरणं आदल्या दिवशी बाजारातून आणलं. अण्णा जीपमध्ये पुढं बसले होते आणि सारखे मागं वळून मला म्हणत होते, "पदक गळ्यात घाल की. आताच घाल."

नाट्यगृहाच्या दारात एका बाईनं झेरॉक्स घेतली, रजिस्टरमध्ये लिहिलं आणि माझ्या छातीला कागदाचा बिल्ला लावला. सदतीस. मला वाटलं, खुर्चीचा नंबर आहे.

स्टेजवर खेळाडूंच्या खुर्च्या होत्या. मी तिकडं निघाले तर एकानं अडवलं. "तुम्ही या बाजूनं. लाभार्थ्यांची लाईन इकडं." मी म्हणलं, "मी खेळाडू आहे." तो म्हणाला, "हो हो. खेळाडूंचं झालं की तुमचंच आहे."

कुणाच्या काखेत कुबड्या, कुणी भिंतीला धरून, कुणाला आईनं कडेवर घेतलेलं. चाळीसेक माणसं. मी ट्रॅकसूट घालून त्या रांगेत उभी. समोर स्टेजवर नसरीनच्या गळ्यात हार पडत होता. तिनं माझ्याकडं बघितलं. एकदा. मग ती हारातली फुलं बघायला लागली.

पुढचं मी सांगितलं.

आम्ही जीपनं परत निघालो. सायकल वर टपावर बांधली होती. खड्डा आला की ती खडखडायची. सरपंच मधीच म्हणाले, "असू द्या, वस्तू तर आली." अण्णांनी टोपी काढून मांडीवर ठेवली होती. गाव येईपर्यंत घातली नाही.

घरी आल्यावर ते ओट्यावर बसले. मी पाणी दिलं. ते म्हणाले, "म्या हात जोडायला नको व्हते."

"तुम्ही काय केलं अण्णा? फोटो अडला होता म्हणून."

"नाय बाई. मला वाटलं, तुला जोडायला लावतेत, तर मीच जोडतो. पर मी वर आलो आन् मग ते खरंच झालं. आपण घेतलं ते."



मी ती सायकल परत करायला खात्यात गेले. टेबलावरच्या बाईंनी मला दोनदा विचारलं, खराब निघाली का. मी म्हणलं, नाही, माझे पाय चांगले आहेत. त्यांनी माझ्या पायाकडं बघितलं. पहिल्यांदाच कुणीतरी बघितलं. मग म्हणाल्या, "वाटप झालेलं परत घ्यायची सोय नसते. तुम्ही कुणाला तरी देऊन टाका ना."

आमच्या शेजारच्या वाडीत कडुबा काका आहेत. लहानपणी पोलिओ झालेला, दोन्ही पाय वाळलेले. तळहातात चपला घालून सरपटत चालायचे. अण्णांनी सायकल बैलगाडीत घातली आणि आम्ही दोघं त्यांच्याकडं गेलो. कडुबा काका सायकलीकडं बघतच राहिले. घंटी वाजवली. मग म्हणाले, "मला चार वर्षं झाले अर्ज देऊन. दर टायमाला म्हणतेत, यादीत नाव नाय."

त्याच खात्यात. त्याच टेबलावर.

त्या दिवशी माझ्या डोक्यात काहीतरी सरळ झालं. तोवर मला वाटत होतं, मी खेळाडू, मला भिकाऱ्यांच्या रांगेत उभं केलं. हाच माझा राग होता. तो राग चुकीचा होता. रांगेत भिकारी कुणीच नव्हतं. कडुबा काकाला ती सायकल पाहिजे होती, हक्कानं पाहिजे होती, आणि ती त्यांना मिळाली नाही. मला नको होती, मला मिळाली. कारण त्यांनी माझे पाय बघितले नव्हते आणि काकाचेही बघितले नव्हते. त्यांना सदतीस नंबरला कुणीतरी पाहिजे होतं. फोटोला.

चार दिवसांनी ग्राउंडवर नसरीन भेटली. पायऱ्यांवर बसून बुटाची नाडी बांधत होती. मी रोजच्यासारखी तिच्या पुढच्या पायरीवर बसले, पाठ करून, वेणीसाठी. आणि न वळता म्हणलं, "तू काय बोलली नाहीस."

"क्या बोलती मैं?" ती म्हणाली. "मेरेकू भी पैली बार खुर्ची मिली. अब्बा समोर बसले होते."

"माझेही अण्णा बसले होते."

 तिनं माझे केस हातात घेतले, तीन भाग केले. मग म्हणाली, "बुरा मत मान. पण एक खरं सांगू? तुझ्यात आठच जणी होत्या. आमच्यात आधी हीट, मग सेमी. तेव्हा फायनल. लोकांना पण ते कळतं ना गं."

वेणी तिनं पूर्ण घातली. मी उठले. भाला घेतला. त्या दिवशीचा एकही भाला सरळ पडला नाही.

स्टेजवरच्या पाहुण्यांच्या बोलण्यानं मी रडले नव्हते. हिच्या बोलण्यानं एसटीत बसून रडले. शेजारच्या बाईनं विचारलं, "हात दुखतो का माय?"

नसरीन खोटं बोलली नव्हती. आठच होत्या. तिचं सातवं येणंही खोटं नव्हतं, मी तिच्याबरोबर उन्हात पळालेय, मला माहीत आहे त्याला काय लागतं. पण आठच का होत्या, हे तिनं विचारलं नाही. मीही तोवर विचारलं नव्हतं. मग मी मोजायला लागले. आमच्या पंचक्रोशीत कडबाकुट्टीत हात गेलेल्या बाया, पोरी मला माहीत आहेत. एक माझ्या मावशीच्या गावाला आहे. लग्नात दिसते, मागच्या रांगेत, पदराखाली हात घेऊन. एक फुलंब्रीच्या बाजारात दिसायची, आता दिसत नाही. त्यांच्यातल्या किती जणींना कुणी भाला दिला? आम्ही आठ होतो, कारण बाकीच्यांना घरात बसवून ठेवलं होतं. आणि घरात बसवणारेच आता म्हणतात, तुमच्यात स्पर्धा कमी.

हे मला नसरीनला सांगायचं होतं. सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी मी केस कापून आले. मानेपर्यंत. तिनं बघितलं. "अच्छे दिखते," म्हणाली. तिचा आवाज फाटला होता. मी "हो" म्हणलं. त्यानंतर आम्ही पायऱ्यांवर एकत्र बसलो नाही. तिला पुढं खेळाडूंच्या राखीव जागेवर सरकारी नोकरी लागली. चांगलं झालं. पेढा घेऊन आली होती, मी खाल्ला.

माझा नोकरीचा अर्ज खेळाडूंच्या टेबलावरून दिव्यांगांच्या टेबलावर गेला. दिव्यांगांच्या टेबलावरून परत खेळाडूंच्या. अजून जातो-येतो.

मागच्या वर्षी मी परत गेले परदेशात. या वेळी पहिली आले.

या वर्षी परत फोन. वेगळं खातं, वेगळा माणूस. मी विचारलं, "सत्कार कशाचा? आणि मी कुठं बसणार?" तो म्हणाला, "काय मॅडम, स्टेजवरच. खेळाडू आहात तुम्ही." मी अण्णांना म्हणलं, "चला. या वेळी खरंच आहे."

अण्णा चारा तोडत होते. विळा थांबला. "तू जाय बाई," ते म्हणाले. "मी आलो की माझे हात आपोआप जोडले जातेत."

मी एकटी गेले.

खुर्ची होती. शेवटच्या ओळीत, आम्ही चौघं दिव्यांग खेळाडू. आधी धडधाकटांचे सत्कार झाले. एकेकाचं नाव, मग त्याची वेळ, त्यानं उचललेलं वजन, त्याची उडी. टाळ्या. मग माईकवरच्या बाई म्हणाल्या, "आता आपण आपल्या दिव्यांग बंधू-भगिनींचं कौतुक करूया."

आमच्यात एक वजन उचलणारा होता, व्हीलचेअरवर. खुर्च्यांपासून मधल्या चौथऱ्यावर जायला दोन पायऱ्या. चौघांनी त्याला खुर्चीसकट उचललं. त्याला विचारलं नाही. तो म्हणत होता, "अहो थांबा, मला ब्रेक लावू द्या, थांबा." हवेत असतानाच फोटो निघाला. दोन माणसांच्या वजनाएवढं लोखंड छातीवरून वर ढकलणारा माणूस. त्याचं तोंड मी बघितलं. अण्णांचं तोंड जीपमध्ये असंच होतं.

मग पाहुणे बोलायला उठले. ते वाईट माणूस नव्हते. डोळ्यात पाणी होतं त्यांच्या. म्हणाले, "यांच्याकडं बघितलं की कळतं, देवानं आपल्याला दोन हात दिले, दोन पाय दिले, हे केवढं मोठं देणं आहे. आणि आपण धडधाकट असून तक्रारी करतो."

सगळ्यात मोठी टाळी तेव्हा पडली.

माझं नाव पुकारलं. "जन्मापासून एक हात नसतानाही," बाई म्हणाल्या. जन्मापासून. मी चौथऱ्यावर गेले. शाल खांद्यावर आली. मी माईकपाशी गेले. कुणी दिला नव्हता, मी गेले.

"साहेब," मी म्हणलं, "तुम्हाला तुमच्या हातांची किंमत कळावी म्हणून मी भाला फेकत नाही."

आवाज कापत होता माझा. पण माईक चांगला होता.

"माझा भाला किती लांब गेला, ते सांगा. या स्टेजवरच्या कुणीही एकानं सांगावं. मग मी शाल घेते."

पाहुण्यांनी शेजारच्याकडं बघितलं. शेजारच्यानं बाईंकडं. बाईंनी कागद चाळला. मी त्यांच्या जवळच होते, मला कागद दिसत होता. माझ्या नावापुढं लिहिलं होतं, डावा हात नाही. अंतर लिहिलेलंच नव्हतं.

"आमच्या आधी जे आले, त्यांनी काय केलं ते तुम्ही वाचलं," मी म्हणलं. "आमच्यात काय नाही ते वाचलं."

मी शाल घडी न घालता टेबलावर ठेवली. एका हातानं घडी नीट होत नाही. आणि खाली उतरले. टाळी नाही, शिवी नाही. माझ्या बुटांचा आवाज येत होता. तिसऱ्या रांगेत नसरीन बसलेली होती, तिच्या खात्याच्या लोकांबरोबर. ती अर्धी उठली. तिच्या शेजारच्यानं काहीतरी म्हणलं. ती बसली.

बाहेर आले आणि अण्णांना फोन लावला. सगळं सांगितलं. ते ऐकत होते. मागं गुरांच्या घंटा ऐकू येत होत्या.

"कुणालाच म्हाईत नव्हतं?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"एकालाबी?"

"नाही अण्णा."

 मग ते म्हणाले, "एकोणचाळीस मीटर. वर अकरा सेंटीमीटर."

मी रस्त्याच्या कडंला कठड्यावर बसले. मी त्यांना अंतर एकदाच सांगितलं होतं, परदेशातून, तुटक तुटक फोनवर. नंतर मायनं सांगितलं, त्या दिवशी अण्णांनी शाळेतून टेप मागून आणला होता आणि नांगरटीत एकट्यानं अंतर मोजलं होतं. एका टोकाला खुंटी ठोकली, दुसऱ्या टोकाला जाऊन उभे राहिले. किती तरी वेळ उभे होते, माय म्हणाली. मला कधी बोलले नाहीत. त्या शेतात गोठाही आहे. खुंटी गोठ्याच्या दारापाशी होती.

पंधरा दिवसांनी देशाच्या संघाच्या सराव शिबिराची यादी लागली. त्यात माझं नाव नाही. कारण, कागदपत्रं अपुरी. कुठली कागदपत्रं, ते कुणी सांगत नाही.

परवा सर घरी आले. पुंडलिकनगरहून आमच्या गावापर्यंत, या वयात, एसटीनं. ओट्यावर बसले. चहा घेतला. माझ्याकडं न बघता म्हणाले, "दोन ओळी लिहून दे. भावनेच्या भरात बोलले, असं. मी नेऊन देतो. तुझं नाव टाकतील, माझं बोलणं झालंय."

मी म्हणलं, "सर, मी चूक बोलले का?"

"बरोबर बोललीस. बरोबर बोलून काय होतं ते मी चाळीस वर्षं बघितलंय. तुझी अजून दोन-चार वर्षं आहेत फेकायची. मला ती वाया गेलेली बघवणार नाहीत."

 याच माणसानं मला भाला दिला. त्यांना नाही म्हणणं मला स्टेजवर बोलण्यापेक्षा जड गेलं.

पण नाही म्हणलं. कोरा कागद त्यांनी आणला होता, तो त्यांना परत दिला. ते उठले, मी त्यांना एसटीवर बसवून आले. खिडकीतून त्यांनी हात वर केला नाही. कदाचित परत बोलणार नाहीत माझ्याशी. ते मला लई लागंल.

माफी मी लिहिणार नाही. शिबिरात नसलेल्या खेळाडूलाही निवड चाचणीत उतरता येतं. नियमात आहे. मी तो नियम छापून घेतलाय, तीन प्रती. चाचणी पुढच्या महिन्यात आहे. मी जाणार. दारात अडवलं तर नियम दाखवणार. नियम मानला नाही तर दारातच बसणार, सगळ्यांच्या येण्याजाण्याच्या वाटेत. आत घेतलं तर फेकणार, आणि त्यांना मोजायला लावणार. मोजलेलं माझ्या नावापुढं लिहायला लावणार. लिहिलेलं मोठ्यानं वाचायला लावणार.

मागच्या वेळी मी बोलले आणि स्टेजवरून उतरून आले. ती माझी चूक झाली. आता उतरणार नाही.